मुलाच्या अंगात शिसं कुठून जातं? सांगली-साताऱ्यातल्या आईबापांनी घर कसं तपासावं

मूल अडीच वर्षांचं झालं तरी मोजकेच शब्द बोलतं, किंवा दुसरीत गेलं तरी एका जागी बसत नाही, काल घोकलेलं आज विसरतं. अशा वेळी घरातली माणसं म्हणतात, "बापावर गेलाय, तोही उशिराच बोलला." नाहीतर मोबाइलवर खापर फुटतं. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. पण आणखी एका कारणाची आपल्याकडे चौकशीच होत नाही, ते म्हणजे शरीरात गेलेलं शिसं.

युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेने २०२० साली मांडलेल्या अंदाजानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात डेसिलिटरला, म्हणजे १०० मिलिलिटरला, ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे. अशी सुमारे ८० कोटी मुलं आहेत आणि त्यांतली साडेसत्तावीस कोटींच्या आसपास एकट्या भारतात. पेट्रोलमधलं शिसं आपल्याकडे २००० सालीच बंद झालं. तेव्हा आज मुलांच्या पोटात जातंय त्यातलं बरंचसं घरातून, ताटातून आणि मोठ्यांच्या धंद्यातून जातंय. पारा, कॅडमियम, आर्सेनिक हेही मेंदूला घातक आहेत, पण मुलांच्या बाबतीत सगळ्यात जास्त पसरलेलं आणि घरच्या घरी रोखता येण्याजोगं शिसंच आहे. म्हणून या लेखात त्याच्यावरच भर दिला आहे.

आधी थोडं शास्त्र

शिसं शरीरात कॅल्शियमचं सोंग घेऊन फिरतं. वाढत्या मुलाला कॅल्शियम आणि लोह हवं असतं, त्यामुळे त्याचं आतडं शिसंही तेवढ्याच तत्परतेने आत घेतं. मोठ्या माणसाने गिळलेल्या शिशातला साधारण दहावा हिस्साच रक्तात उतरतो. लहान मुलात मात्र निम्म्यापर्यंत उतरू शकतो. तिथून ते मेंदूत जातं आणि मज्जापेशींच्या जोडण्या ज्या काळात झपाट्याने तयार होत असतात नेमक्या त्याच काळात त्या कामात खोडा घालतं. लक्ष टिकणं, भाषा, स्वतःला आवरणं, आकडेमोड या सगळ्यांवर परिणाम होतो. उरलेलं शिसं हाडांत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. मुलगी मोठी होऊन गरोदर राहिली की हाडांतून कॅल्शियम सुटतं, त्याबरोबर शिसंही सुटतं आणि नाळेवाटे पोटातल्या बाळाकडे जातं.

सात ठिकाणच्या १,३३३ मुलांची माहिती एकत्र करून २००५ साली झालेल्या विश्लेषणात दिसलं की रक्तातलं शिसं २.४ वरून १० मायक्रोग्रॅमवर गेलं तर बुद्ध्यांक सरासरी ३.९ ने घटतो. १० वरून २० वर गेलं तर आणखी १.९ ने घटतो. म्हणजे सुरुवातीचं थोडं शिसंच सगळ्यात महाग पडतं. शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते ते यामुळेच. आणि इतक्या कमी पातळीला ना ताप येतो ना पुरळ उठतं. मूल धडधाकट दिसतं. लक्षणांची वाट बघत बसलो तर वेळ निघून गेलेली असते, म्हणून लक्षणांच्या आधी घर तपासायचं.

पायरी १: हळद

हळदीच्या पेठेत राहून हळदीविषयी शंका घेणं कुणाला आवडणार नाही. पण सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तिचं नाव राखायचं असेल तर हा प्रश्न सगळ्यात आधी आपणच विचारायला हवा.

शेतात काढलेली हळद शिजवतात, वाळवतात आणि मग ड्रममध्ये घालून पॉलिश करतात. ड्रम फिरताना हळकुंडावरची खडबडीत साल घासली जाते आणि आतला पिवळा रंग उघडा पडतो. भेसळ करणारा नेमका इथेच हात मारतो. लेड क्रोमेट म्हणजे शिसं आणि क्रोमियम असलेला झगझगीत पिवळा रंग. तो चिमूटभर टाकला की डागाळलेलं, काळपट हळकुंडही पहिल्या प्रतीचं दिसू लागतं. बांगलादेशात ही खोड १९८० च्या दशकात पुरानंतर लागली. भिजलेली हळद काळवंडली आणि व्यापाऱ्यांनी ती रंगवून खपवली. पुढे पूर ओसरला तरी सवय तशीच राहिली. कृष्णेचा २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या आपल्या भागाला भिजलेल्या मालाचं दुखणं नवं नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

बांगलादेशाने ही खोड मोडूनही दाखवली. २०१९ साली तिथल्या बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं. सरकारने घाऊक बाजारात जागेवर तपासण्या केल्या, दंड ठोठावला, लोकांना बातम्यांतून सावध केलं, आणि २०२१ मध्ये हे प्रमाण शून्यावर आलं. भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंकेतल्या २३ शहरांतले नमुने तपासून २०२४ साली जे निष्कर्ष आले, त्यात पाटणा आणि गुवाहाटी इथल्या काही नमुन्यांत शिसं फार जास्त होतं. पॉलिश केलेल्या मालात ते अधिक दिसलं.

घरी करायचं ते असं. वर्षाची हळद एकदम घेत असाल तर अख्खी हळकुंडं घ्या, शक्यतो ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणि कमी पॉलिशची. खरं हळकुंड जरा मातकट, मंद पिवळं असतं. पिवळा डोळ्यांत खुपणारा असेल, बोट घासल्यावर रंगाची भुकटी हाताला लागत असेल, तर तो माल सोडून द्या. एक हळकुंड पाण्याच्या ग्लासात टाकून न ढवळता बघा. पाण्यात लगेच गडद पिवळ्या रेघा उतरू लागल्या तर वरून रंग दिलाय असं समजा. रंग उतरला नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, कारण घरगुती परीक्षेत थोडं शिसं पकडलं जात नाही. मग ती हळद आपल्या डोळ्यांदेखत डंकावर कुटून आणा. आधीच्या गिऱ्हाइकाची भुकटी डंकात राहिलेली असते, तेव्हा सुरुवातीची मूठभर हळद बाजूला काढा.

पक्की खात्री हवी असेल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत नमुना द्या आणि शिशाचं प्रमाण मागा. कायद्याप्रमाणे हळदीत शिसं किलोला १० मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये आणि लेड क्रोमेट तर अजिबात नको. अन्न सुरक्षा कायदा, २००६ च्या कलम ४० खाली साध्या ग्राहकालाही शुल्क भरून माल अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. अट एवढीच की घेताना दुकानदाराला तसं सांगावं लागतं. माल दोषी निघाला तर शुल्क परत मिळतं. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करायची. एका घराने करण्यापेक्षा बचत गटाने मिळून केली तर खर्चही वाटला जातो आणि तक्रारीला वजनही येतं.

पायरी २: घरातल्या माणसाचा धंदा

विटा, खानापूर, आटपाडी या भागातली गलाई करणारी माणसं देशभर पसरलेली आहेत. सोनं-चांदी शुद्ध करून देण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. चांदी शुद्ध करण्याच्या जुन्या पद्धतीत शिसं वितळवलं जातं आणि त्याच्या वाफेची बारीक भुकटी भट्टीभोवती सगळीकडे बसते. आम्लाच्या धुराचा त्रास नाकाला, घशाला लगेच जाणवतो. शिसं जाणवत नाही, हे जास्त वाईट. परगावी बरीच कुटुंबं दुकानाच्या मागच्या किंवा वरच्या खोलीत राहतात आणि रांगतं मूल त्याच फरशीवर खेळतं. भट्टी आणि संसार यांच्यामध्ये एक पडदा असला तरी तो पुरेसा नाही. जागा वेगळी करता येत असेल तर हप्त्यावर कर्ज काढूनही ती करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

तेच जुन्या बॅटऱ्यांचं. ट्रॅक्टर, जीप, इन्व्हर्टर यांच्या बॅटरीत कित्येक किलो शिसं असतं. ती दुरुस्त करणारा, फोडणारा, भंगारात घेऊन प्लेटा वितळवणारा माणूस घरी येताना शिसं केसांत, कपड्यांत, चपलेच्या तळव्याला घेऊन येतो. रंगारी, गॅरेजवाले, जाळ्याला शिशाच्या गुंड्या ओतणारे मासेमार, डाग देणारे कारागीर यांनाही हे लागू आहे.

ज्या घरात यांतला धंदा आहे तिथे नियम कडक हवेत. कामाचे कपडे आणि चप्पल कामावरच ठेवायची. ते जमत नसेल तर घराबाहेर, न्हाणीजवळ एक झाकणाची बादली ठेवा, कपडे तिथेच उतरवा, अंघोळ करा आणि मग मुलाला उचला. बाप दारात दिसला की पोर पायाला मिठी मारतं, आणि शिसं पोचायला ती मिठी पुरते, म्हणून अंघोळ आधी. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुवायचे नाहीत. शिसं कधीही चुलीवर, परसात, शेतात वितळवायचं नाही. जुनी बॅटरी नवी घेताना दुकानातच परत द्यायची. बॅटरी कचरा नियम, २०२२ प्रमाणे ती अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे पोचवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. वस्तीत कुणी उघड्यावर बॅटऱ्या गाळत असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगलीतल्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे ग्रामपंचायतीच्या ठरावासह लेखी तक्रार करा. तोंडी सांगून काही हलत नाही.

पायरी ३: जुना रंग आणि धूळ

घरगुती रंगात शिशाची मर्यादा दहा लाखात ९० भाग ही १ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्याकडे बंधनकारक झाली. त्याआधी दिलेला ऑइलपेंट, विशेषतः पिवळा, लाल, हिरवा, संशयास्पद धरायचा. वाड्यातली जुनी खिडकी जवळून बघा. दरवर्षी दिवाळीला एकावर एक चढवलेले थर, बिजागरीपाशी लाकडावर लाकूड घासून पडलेली पूड, आणि बरोबर त्याच चौकटीला धरून, गजाला तोंड लावून उभं असलेलं वर्षाचं मूल. खिडकीच्या कट्ट्यावरची ती पूड घरातली सगळ्यात वाईट धूळ असू शकते.

जुना रंग कोरडा खरवडू नका, पॉलिश पेपरने कोरडा घासू नका आणि जाळून तर मुळीच काढू नका. पृष्ठभाग ओला करून घासायचा, खाली प्लास्टिक अंथरायचं, निघालेले पोपडे पिशवीत बांधायचे. त्या काळात लहान मुलं आणि गरोदर बाई दुसऱ्या घरी असलेली बरी. रंग नीट चिकटलेला असेल तर खरवडायच्या फंदात न पडता त्यावर शिसेविरहित रंगाचे दोन हात द्या.

रोजच्या स्वच्छतेत झाडू कमी आणि ओलं फडकं जास्त. कोरड्या झाडूने बारीक धूळ उडते आणि पुन्हा खालीच बसते. कट्टे, चौकटी आणि मूल जिथे रांगतं ती फरशी ओल्या फडक्याने पुसा. खाण्याआधी आणि झोपण्याआधी मुलाचे हात साबणाने धुवा. पुराचं पाणी शिरलेल्या घरात भिंतींचे पोपडे सुटतात आणि गाळात मिसळतात, तेव्हा तो गाळ वाळायच्या आत, ओला असतानाच काढा.

पायरी ४: देवघर, स्वयंपाकघर, खेळणी

पारंपरिक शेंदूर हा शिशाचा लाल ऑक्साइड आहे. चाफळ, शिराळा, बहे इथल्या मारुतींपासून गावच्या वेशीवरच्या मारुतीपर्यंत श्रद्धा आपली असू दे, नमस्कार जरूर करावा, पण तो शेंदूर बाळाच्या कपाळाला लावू नये. कपाळावरचं बोटांना लागतं आणि बोट तोंडात जातं. त्याऐवजी सहाणेवर उगाळलेलं चंदन लावा. बाहेरून आणलेला सुरमा डोळ्यांत घालू नका, त्यात शिशाचं खनिज असू शकतं.

बाळगुटीची मुळं आणि हळकुंड घरी उगाळत असाल तर ती कुठून आणली ते पाहा. लेबल नसलेली, मेळ्यात किंवा दारावर विकत मिळणारी पुडी, 'बुद्धी वाढवणारं' भस्म, असलं काही मुलाला देऊ नका. नागभस्म शिशापासूनच करतात. हे आज्जीला तोंडावर सांगणं अवघड जातं हे मला कळतं, पण डॉक्टरांसमोर, तिला सोबत नेऊन, सांगता येतं.

पितळेच्या भांड्याला कल्हई लावून घेताना शुद्ध कथिलाचा आग्रह धरा, स्वस्तातल्या कथिलात शिसं मिसळलेलं असतं. भंगार वितळवून ओतलेल्या स्वस्त अॅल्युमिनियम-हिंडालियमच्या भांड्यात चिंचेची आमटी, ताकाची कढी, टोमॅटो शिजवू नका, आंबट पदार्थ धातू ओढून घेतो. स्टील किंवा लोखंडी कढई बरी. नळाचं रात्रभर तुंबलेलं पहिलं पाणी पिण्यासाठी न भरता झाडांना घाला. पाणी उकळून जंतू मरतात, शिसं जात नाही.

खेळण्यांत झगझगीत रंगाची, बिनमार्क्याची स्वस्त खेळणी आणि खोटे दागिने तोंडात घालणाऱ्या वयात नकोत. पेन्सिल चावली म्हणून घाबरू नका, आत ग्राफाइट असतं. बाहेरचा रंग चावायला नको एवढंच.

पायरी ५: रक्ताची तपासणी

रक्तातलं शिसं साधारण दीड-दोन वर्षांच्या आसपास सर्वात वर जातं, कारण याच वयात रांगणं आणि सगळं तोंडात घालणं जोरात असतं. घरात वरच्यापैकी धंदा असेल, मूल माती, खडू, भिंतीचे पोपडे खात असेल, बोलणं किंवा शिकणं मागे पडलं असेल, पंडुरोग, म्हणजे रक्त कमी असणं, औषधाने सुधारत नसेल किंवा पोटदुखी आणि बद्धकोष्ठ कारणाशिवाय टिकून असेल, तर बालरोगतज्ज्ञांना थेट विचारा: "रक्तातलं शिसं बघायचं का?" सांगली, मिरज, कराड इथे बालरोगतज्ज्ञांची कमतरता नाही. नमुना बहुधा मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातो. बोटाला टोचून केलेली तपासणी जास्त आली तर शिरेतून रक्त घेऊन ती पुन्हा करायची, कारण बोटावरची धूळही आकडा फुगवते.

आकडा असा वाचायचा. अमेरिकेत २०२१ पासून ३.५ मायक्रोग्रॅम ही लक्ष घालण्याची रेषा धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच वर्षीच्या मार्गदर्शनाप्रमाणे ५ किंवा जास्त आलं की स्रोत शोधून तो बंद करायचा. ४५ किंवा जास्त आलं तर शिसं बांधून बाहेर काढणारं औषध, तेही रुग्णालयाच्या देखरेखीखाली. ४५ च्या खाली हे औषध सहसा देत नाहीत आणि त्याने गेलेला बुद्ध्यांक परत येत नाही. 'शरीरातलं विष काढतो' म्हणणाऱ्या कुणाच्या नादी लागू नका. मूल सतत ओकत असेल, गुंगीत असेल, झटका आला असेल तर रिपोर्टची वाट न बघता तातडीने रुग्णालय गाठा.

पायरी ६: ताट

रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं, आणि अंगात लोह कमी असेल तर आणखी जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या दर तीन मुलांपैकी जवळपास दोन मुलांत रक्त कमी आढळलं. म्हणजे शिशाला दार आधीच उघडं आहे.

मुलाला उपाशी शाळेत पाठवू नका. कॅल्शियमसाठी दूध, ताक, नाचणीचं सत्त्व, तिळाची चटणी. लोहासाठी बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, पालेभाजी, अंडं, आणि खात असाल तर मटण. त्यावर लिंबू पिळा किंवा पेरू, आवळा द्या, लोह नीट लागतं. जेवणासोबत चहा नको. अंगणवाडीत मिळणारं लोहाचं सिरप आणि शाळेतल्या गुलाबी-निळ्या गोळ्या घरी आणून फेकून देऊ नका. मूल माती खात असेल तर त्याला मारू नका. ते बहुतेक लोहाच्या कमतरतेचं लक्षण असतं, तपासून घ्या. गरोदर बायांनी भाजकी माती खाण्याचे डोहाळे आवरावेत, तिच्यात शिसं असू शकतं.

पायरी ७: मागे पडलेल्या मुलासाठी

शिसं सापडलं म्हणजे मुलाचं सगळं संपलं असं नाही. लवकर मिळालेले वाचा-उपचार, खेळातून शिकणं, रोज वाचून दाखवणं, गप्पा मारणं यांनी मुलं खूप पुढे जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, तेव्हा सेविकाताईंकडे मुलाचं नाव आधीच देऊन ठेवा. तिथून जिल्ह्याच्या शीघ्र निदान व हस्तक्षेप केंद्राकडे पाठवणी होते आणि ती सेवा मोफत असते. वर्गशिक्षकांनाही सांगा, म्हणजे 'लक्ष देत नाही' म्हणून मूल मागच्या बाकावर जाणार नाही.

स्रोत बंद केल्यानंतर एक ते तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासा. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर यायला हवं, पण हाडांतून ते झिरपत राहतं म्हणून आकडा हळूहळू उतरतो. अजिबातच उतरला नाही तर एखादा स्रोत राहून गेलाय, पहिल्या पायरीपासून घर पुन्हा बघा. त्याच वेळी धाकट्या भावंडाचं आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिचंही रक्त तपासून घ्या.